यात्रा गावाची, जबाबदारीही गावाची

पाडवा झाला की शिरूर तालुक्यात यात्रांचे दिवस सुरू होतात. तळेगाव ढमढेरे आणि आसपासच्या गावांत पुण्या-मुंबईला गेलेली घरं पुन्हा भरतात. पालखी, छबिना, कुस्त्यांचा आखाडा, बैलगाड्यांचा घाट आणि रात्री तमाशा, हा सारा सोहळा लोकवर्गणीवर उभा राहतो. गावोगावची पंचमंडळी नारायणगावच्या राहुट्यांमध्ये जाऊन तमाशाची सुपारी देतात. त्या एका हंगामावर शेकडो कलावंतांची चूल पेटते.

हवाई बेटावरच्या हिलो गावानेही असाच सण उभा केला. १९६०च्या त्सुनामीने गाव उद्ध्वस्त झालं. सावरण्यासाठी १९६४पासून तिथे राजा कालाकौआच्या स्मरणार्थ उत्सव भरू लागला. १९७१मध्ये त्यात हुला नृत्याच्या स्पर्धा आल्या आणि एकेकाळी मिशनऱ्यांनी हिणवलेल्या या कलेला मानाचं व्यासपीठ मिळालं.

आपल्या यात्रांचा मानही असाच जपायला हवा. आपल्याकडे बैलगाडा शर्यती २०१४मध्ये बंद झाल्या, डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परत आल्या आणि १८ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्यांना परवानगी देणारा राज्याचा कायदा वैध ठरवला. मिळालेली परवानगी जपायची, तर बैलाला इजा होणार नाही याची हमी घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने घ्यायला हवी.

तसंच तमाशाचं. तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला, तरी त्यांची अखेरची वर्षं हलाखीत गेली. म्हणून यात्रा कमिट्यांना आमची कळकळीची विनंती आहे: वर्गणीतून कलावंतांचं मानधन आधी बाजूला काढा, त्यांच्या मुक्कामाची नीट सोय करा आणि फडासमोर बायाबापड्यांनाही निर्धास्त बसता येईल असा बंदोबस्त ठेवा.