पेटीतले ऐंशी वादक

आपल्या मध्यमवर्गीय घरांना संगीताचे वेड फार, पण जागा बेताची. पेटी कपाटावर चढते, तबल्याची जोडी पलंगाखाली सरकते, आणि तंबोरा कोपऱ्यात जीव मुठीत धरून पोरांच्या चेंडूची वाट पाहतो. अशा घरात ऐंशी वादकांचा वृंद बिऱ्हाडाला येतो म्हणून कुणी सांगितले, तर गृहिणी आधी चहाचा हिशेब करील. पण हा वृंद आता खरोखरच घरोघर येऊ लागला आहे. तो चहा मागत नाही, मानापमान करीत नाही, आणि त्याला टेबलाचा एक कोपरा पुरतो.

यात जादू काही नाही. खऱ्या वादकाला खऱ्या दालनात बसवायचे, आणि एकेक स्वर सुटा वाजवून घ्यायचा: हळू, जोरात, लांब, तुटक, गज ओढून, बोटाने छेडून. असे हजारो तुकडे नीट नावनिशीवार साठवून ठेवायचे. पुढे कुणी संगणकावर ‘सा’ लिहिला, की त्या साठ्यातला नेमका ‘सा’ निघून येतो. कल्पना तशी जुनीच. १९६३ साली इंग्लंडात निघालेल्या मेलोट्रॉन या वाद्यात प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा तुकडा असे. आठेक सेकंदांत फीत संपली की स्वरही संपे! पुढे संगणक आले, आणि २००२ च्या सुमारास व्हिएन्नाच्या मंडळींनी अवघ्या वाद्यवृंदाचे स्वर असे टिपून विक्रीस काढले. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने २०१९ साली बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा संग्रह काढला. डिसेंबर २०२२ मध्ये तर म्यूझस्कोर या फुकट मिळणाऱ्या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅमबरोबर वाद्यांचे आवाजही फुकट मिळू लागले. फुकट या शब्दाला आमच्या भोरपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आमच्या महाविद्यालयातल्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी राजगड-तोरण्यावर एक लहानसा माहितीपट करायचे ठरविले. निवेदन मराठीच्या मास्तराने लिहावे हे ओघानेच आले. संगीताचे काम एका वेल्ह्याच्या मुलाने घेतले. त्याचे वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवीत. अलीकडे वरातीपुढे भिंतीएवढे कर्णे लावलेली गाडी चालते, तेव्हा क्लॅरिओनेटला फारसे बोलावणे नसते. वडील शेती पाहतात, आणि वाद्य ट्रंकेत असते.

मुलाने तोरण्यावर उगवणाऱ्या सूर्यासाठी तीन मिनिटांची रचना पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून काढली आणि मला ऐकवली. सारे स्वर बरोबर होते. तालही चोख. पण सूर्य उगवतो आहे असे न वाटता सरकारी कार्यालय उघडते आहे असे वाटले. मुलगा हसला. म्हणाला, “सर, हे नुसतं शुद्धलेखन झालं. आता वाचन शिकवायचंय.”

ते वाचन शिकवणे मी चार संध्याकाळी शेजारी बसून पाहिले. स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममधून सगळी रचना त्याने ध्वनिमुद्रण जुळविण्याच्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेली. तिथे प्रत्येक वाद्याची एकेक आडवी पट्टी. १९८३ साली जगातल्या वाद्य-कंपन्यांनी मिडी नावाची एक समाईक बोली ठरविली. तीत स्वराचा जोर शून्य ते १२७ अशा आकड्यांत सांगतात. मुलगा व्हायोलिनच्या ओळीखाली त्या आकड्यांची चढउताराची रेघ काढीत होता, थेट राजगडाच्या कड्यांसारखी. रेघ चढली की स्वर फुलायचा, उतरली की मावळायचा. व्हायोलिनच्या संथ स्वराला उमलायला क्षणभर लागतो. म्हणून तो ठोक्याच्या किंचित आधी सरकवायचा. एकच स्वर चारदा भरभर आला, तर तोच तुकडा चारदा वाजून टंकलेखन यंत्रासारखा खडखडाट होतो. म्हणून चांगल्या संग्रहात एकाच स्वराची चार-पाच रूपे टिपलेली असतात आणि ती पाळीपाळीने वाजतात. बासरी तुतारीहून मोठी ऐकू येत होती, तिला जागेवर बसविले.

सर्वांत अवघड म्हणजे एका स्वरातून दुसऱ्यात जाणे. मला या ठिकाणी आमची जुनी मोडी आठवली. मोडीत हात उचलायचा नाही. अक्षर अक्षराचा हात धरून पुढे जाते. देवनागरी छापायची ती खिळ्यांनी. निर्णयसागर छापखान्याचे खिळे कितीही सुबक असोत, खिळा तो सुटाच. हे स्वरसंग्रह म्हणजे उत्तमातले उत्तम खिळे. त्यांच्या कर्त्यांनाही हे ठाऊक असते. म्हणून ते दोन स्वरांमधली वाटदेखील टिपतात, ‘सा’पासून ‘रे’पर्यंतची, ‘सा’पासून ‘ग’पर्यंतची. पण आपली मींड अशी ठरावीक मुक्कामांची गाडी नव्हे. ती मध्येच रेंगाळते, वळून पाहते, आणि दर वेळी वेगळ्या वाटेने जाते. तिचा खिळा कसा पाडणार?

पाचव्या दिवशी मुलाने वडिलांना ऐकवले. ते उकिडवे बसून सारे शांतपणे ऐकत राहिले. मग विचारले, “ह्यो क्लॅरिओनेटवाला श्वास कवा घेतो रं?”

मुलाने पाहिले. अठरा मात्रांची ओळ, आणि मध्ये विश्रांतीचे चिन्ह नाही. यंत्राला फुप्फुसे नसल्यामुळे त्याने तक्रार केलेली नव्हती! मुलाने मध्ये लहानसा थांबा घातला, आणि काय सांगू, ती ओळ एकदम कुणा माणसाची झाली.

वडिलांचा दुसरा प्रश्न मात्र सोपा नव्हता. “ह्या लोकांस्नी बिदागी मिळती का?”

याचे उत्तर असे: चांगल्या कंपन्या वादकांना ध्वनिमुद्रणाचे पैसे देतात. विकत घेणाऱ्याला मग ते स्वर आपल्या रचनेत कितीही वेळा वापरण्याची मुभा असते. म्हणजे वादक एकदा वाजवतो, आणि जन्मभर वाजत राहतो. बिदागी बहुधा पहिल्याच दिवसाची. आपल्याकडे या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांनी आणि वाद्यवृंदरचनाकारांनी किती कष्ट उपसले! सेबॅस्टियन डिसोझांनी कित्येक गाण्यांमागे व्हायोलिनांची रांग उभी केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ साली आपले राग घेऊन सिंफनी वाद्यवृंद उभारला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव घरोघर पोचविले. सिंथेसायझर आणि संगणक आले, तशी ध्वनिमुद्रणाला शेकड्याने जमणारी ती मंडळी पांगत गेली.

उलट उदाहरणही आपलेच आहे. अजय-अतुल यांचे लहानपण पुणे जिल्ह्यातल्याच शिरूर, जुन्नरसारख्या गावांत गेले. २०१६ च्या ‘सैराट’साठी त्यांना घरच्या यंत्रावर तुकडे जुळविता आले नसते काय? तरी त्यांनी हॉलिवुडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जिवंत वाद्यवृंद बसवून संगीत मुद्रित केले. करमाळ्याच्या रानातल्या प्रेमाला इतक्या माणसांचा श्वास लागला!

वेल्ह्याच्या मुलाजवळ हॉलिवुडचे तिकीट नव्हते. ट्रंकेतले क्लॅरिओनेट होते. जाणकार सांगतात की यंत्राच्या चाळीस वादकांत एक खरा माणूस मिसळला, तर कान त्याच्यामागे जातो आणि उरलेल्यांवरही विश्वास ठेवतो. मुलाने तेच केले. वडिलांना इंग्रजी स्वरलिपी येत नव्हती, म्हणून त्याने ओळ सारेगममध्ये हाताने लिहून दिली. खोलीत घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. पाऊस थांबेपर्यंत वाट पाहिली, मग बेडकांची. वडील लिहिल्याप्रमाणे वाजवीत गेले, आणि शेवटच्या वळणावर लिहिलेले सोडून एका स्वरावरून दुसऱ्यावर असे काही घसरत उतरले, की मुलाचा हात बटणावरच राहिला.

“चुकलं का रं?” त्यांनी विचारले.

“नाय, आण्णा. ऱ्हाऊ द्या तसंच.”

संमेलनात माहितीपट संपला तेव्हा नामावली पडद्यावर आली. संगीत म्हणून मुलाचे नाव होते. त्याखाली क्लॅरिओनेट म्हणून वडिलांचे. वरातीपुढे आयुष्यभर वाजविलेल्या माणसाचे नाव असे लिहून आलेले बहुधा पहिल्यांदाच. टाळ्या कशासाठी पडल्या, हे मी कुणाला विचारले नाही.

या यंत्राला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. गावखेड्यातल्या पोराला ज्या वाद्यवृंदाचे दर्शनही घडले नसते, तो त्याने हाताशी आणून दिला. व्हायोलिन खाली कुठवर उतरते आणि तुतारी कुठे दमते, हे शिकविले. तुमच्या घरी असा पेटीतला वृंद आला असेल, तर त्याला खुशाल जागा द्या. एवढेच करा: मुलाला विचारा, “तुझ्या ओळखीचा वाजविणारा कोण आहे?” असेल, तर त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवायला सांगा. आणि बिदागी तेव्हाच्या तेव्हा द्या; खऱ्या माणसाला चहाही लागतो.