बाहेरचं गावाचं, आतलं घराचं



मृग तोंडावर आला की मालवणातल्या प्रत्येक कौलारू घरात एकच विषय असतो, कौलं परतायला माणूस कधी येणार? यंदा आमच्याकडे या विषयाला फाटा फुटला. कौलं परतायची, की ती कायमची उतरवून वर स्लॅब टाकायचा?

धाकट्या भाऊजींचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, दरवर्षी माणसं शोधायची, फुटकी कौलं बदलायची, वासे बघायचे. एकदाच काय तो खर्च करू. वर दोन खोल्या काढल्या तर पर्यटक राहतील, घराला हातभार लागेल." सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या उठून पडवीत जाऊन बसल्या. आमच्याकडे हा नाराजीचा सगळ्यात मोठा आवाज.

मी सांगलीकडची. बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले तेव्हा हे घर मला अंधारं आणि अवघड वाटलं होतं. चिऱ्याच्या जाड भिंती, पुढे दुकान, मग पडवी, वळई, माजघर आणि पार मागे स्वयंपाकघर. पावसाळ्यात भिंतींना झडीसाठी झाप बांधलेले. आषाढात दुपारी चारलाच आत संध्याकाळ व्हायची. आपल्याला सूर्यास्ताआधी जेवायचं, त्याआधी तांदूळ-डाळ डोळ्यांत तेल घालून निवडायची, आणि ताटात काय आहे तेही नीट दिसू नये! त्यामुळे जुन्या घराचं कौतुक फक्त फोटो काढणाऱ्यांनीच करावं, असं मीही एके काळी म्हणायचे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मी जुन्याची आंधळी भक्त आहे असं वाटायला नको.

आता जरा घराबाहेर या. आमच्या दारातून किनाऱ्यावर गेलं की समोर सिंधुदुर्ग. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याची उभारणी सुरू केली. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी भर समुद्रात आणि आजही काही कुटुंबं किल्ल्यात राहतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्यात आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग दोन्ही आहेत. त्या दिवशी गावात सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला.

पण किल्ल्याला कायदा आहे, गावाला काय आहे? किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. १९५८ चा कायदा आणि त्यात २०१० साली झालेली दुरुस्ती यांप्रमाणे संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊनच करावं लागतं. आपला किल्ला पाण्यात. त्यामुळे हे मोजमाप बरंचसं लाटांवरच संपतं, बाजारपेठेपर्यंत पोचत नाही. म्हणजे होडीत बसून किल्ल्याकडे जाताना पुढे साडेतीनशे वर्षांची तटबंदी आणि मागे वळून पाहावं तर कौलांच्या जागी एकेक स्लॅब, त्यावर निळ्या-काळ्या पाण्याच्या टाक्या. किल्ला देव्हाऱ्यात ठेवला आणि घर मोडीत काढलं, असं हे आहे.

मोठ्या शहरांत यासाठी वारसा समित्या असतात. मुंबईत १९९५ साली नियमावली आली आणि जुन्या इमारतींची, आणि नुसत्या इमारतींची नव्हे तर अख्ख्या परिसरांची यादी झाली. त्यांच्या तीन श्रेणी केल्या. पहिल्या श्रेणीला अगदी गरजेशिवाय हात लावायचा नाही. दुसरीत आतले बदल बरेचसे चालतात, पण बाहेरचं रूप जपायचं. तिसरीत आणखी मोकळीक. मालकाने अर्ज केला की तो समितीपुढे जातो, समिती सल्ला देते आणि शेवटचा निर्णय पालिका आयुक्तांचा. पुणे आणि नागपूर इथेही अशा समित्या आहेत. परदेशात ही पद्धत त्याहून जुनी. अमेरिकेतल्या चार्ल्सटन गावाने १९३१ मध्येच जुनी वस्ती आखून दिली आणि तिच्यातले बदल तपासायला मंडळ नेमलं. न्यूयॉर्कला मात्र त्यासाठी एक मोठं स्टेशन गमवावं लागलं. १९६३ मध्ये पेन स्टेशनची भव्य इमारत पाडायला सुरुवात झाली, लोक हळहळले आणि १९६५ मध्ये तिथे आयोग आला. आपण नेहमी घर पडल्यावर जागे होतो, हा स्वभाव सगळ्या जगाचाच दिसतो.

अशा मंडळांची मला आवडलेली गोष्ट म्हणजे चार्ल्सटनचं मंडळ मुख्यतः रस्त्यावरून दिसेल तेवढ्यातच लक्ष घालतं. छप्पर, दर्शनी भिंत, खिडक्या, दुकानाची पाटी. मालकीण आत ओटा कुठे बांधते आणि न्हाणीघरात कुठल्या फरशा बसवते, हे तिचं तिने बघावं. मला हा हिशेब फार शहाणपणाचा वाटतो. बाहेरचं रूप गावाचं, कारण ते रोज गाव बघतं. आतली सोय घराची, कारण तिथे रोज घर राबतं.

भाऊजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, "वहिनी, समिती आली की एका खिळ्यासाठी दहा फेऱ्या. आणि खर्च कोण देणार, समिती?" त्यांचं चूक नाही. मुंबईत गिरगावच्या खोताची वाडीचं नाव सगळे कौतुकाने घेतात, तरी तिथली जुनी घरं वर्षागणिक कमी होत गेली. नियम आहे म्हणून वाळवी थांबत नाही आणि वासा स्वस्त होत नाही. पणजीच्या फोंतेन्यासमध्ये रंगीत घरं छान जपली आहेत, तर तिथल्या रहिवाशांना फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीचा वैताग. वारसा गावाचा, पण त्याची झाडलोट एकाच घराने करायची, हे न्यायाचं नाही.

तरीही मी समितीच्या बाजूने आहे. त्याचं कारण आमच्या स्वयंपाकघरात आहे.

वर सांगितलेल्या अंधारासाठी मी दहाएक वर्षांपूर्वी हट्ट धरला होता की पुढची भिंत फोडून मोठी काचेची खिडकी काढायची. एक म्हातारे गवंडी आले. त्यांनी घराला एक फेरी मारली आणि म्हणाले, "वैनीनू, फुडली भिंत कित्याक फोडतास? उजेड वरसून घ्या." त्यांनी स्वयंपाकघरावरची चार कौलं काढून काचेची कौलं बसवली आणि मागच्या अंगाला, विहिरीकडे, एक खिडकी वाढवली. दोन दिवसांचं काम. रस्त्यावरून घर होतं तसंच दिसतं आणि मला आषाढातही पाच वाजता डाळीतला खडा दिसतो. जाता जाता त्यांनी भिंतीवरचं सिमेंट खरवडून दाखवलं. आत चिरा ओला होता. "चिऱ्याक वारो व्हयो. सिमेंट लावलास की पाणी आत कोंडता."

माझ्या मते चांगली मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे याच म्हाताऱ्या गवंड्यांचं शहाणपण कागदावर उतरवलेलं. उजेड हवा तर असा घ्या. न्हाणीघर हवं तर मागच्या बाजूला, तिथे स्लॅबही चालेल. गिलावा चुन्याचा, सिमेंटचा नको. पाटी लावायची तर कमान झाकू नका. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी असंच काम केलं. दुकानांच्या अवाढव्य पाट्यांमागे कमानी दडल्या होत्या. कमानीच्या आत बसेल अशी पाटी कशी करायची ते त्यांनी दुकानदारांना दाखवलं. दुकानं बंद पडली नाहीत आणि कमानी पुन्हा दिसू लागल्या. म्हातारे गवंडी आता काम करत नाहीत. त्यांची मुलं दुसऱ्या धंद्यात आहेत. मग पुढच्या सुनेला काचेचं कौल कोण सुचवणार? कागद आणि तो समजावून सांगणारं माणूस, दोन्ही नसलं तर ती भिंतच फोडणार.

एक अडचण माझी स्वतःची. आपल्या किनाऱ्यावर चुना पूर्वी शिंपले भाजून करत. त्यात जीव किती जातात या विचाराने माझा हात अडतो. पण दगडी चुनखडीचाही चुना मिळतो आणि तो चालतो. वाळवीचंही तसंच. औषध मारण्यापेक्षा मला लाकूड कोरडं ठेवणं आणि वारा खेळता ठेवणं बरं वाटतं, आणि गळकं कौल वेळेवर बदललं तर निम्मं काम तिथेच होतं. नियम लिहिणाऱ्यांनी पर्याय ठेवला तर प्रत्येक घराला आपापला विवेक सांभाळून नियम पाळता येतो.

आणि दुसऱ्यांना बोलण्याआधी आपल्या घरात बघावं. आपल्या समाजात जीर्णोद्धार हे मोठं पुण्य. पण जीर्ण झालेल्याचा उद्धार करण्याऐवजी जुनं काळ्या दगडाचं मंदिर मुळातून काढून तिथे पांढरा संगमरवर उभा केलेला मी पाहिला आहे. भक्ती खरी होती, दान खरं होतं, पण पाच पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला उंबरठा त्यात गेला. तेव्हा कुणी जाणतं माणूस तिथे असतं आणि "आधी दुरुस्त करून बघू" एवढं जरी म्हणालं असतं तरी पुरलं असतं.

जुनं म्हणजे गोठलेलं, असंही मी मानत नाही. ज्या मंगलोरी कौलांसाठी मी आज भांडते, ती एके काळी नवीच होती. १८६५ च्या सुमारास बासल मिशनने मंगळूरला कारखाना काढला, त्यानंतर ती कोकणभर आली. त्याआधी इथे गवत नाहीतर कुंभाराचे नळे. तेव्हाही एखादी सासू पडवीत जाऊन बसली असेल! पण कौलांनी घराचा उतार, पडवीची सावली आणि पाऊस झेलण्याची रीत तशीच ठेवली. बदल असा असला तर गाव त्याला आपलं म्हणतं.

म्हणून मालवणसारख्या गावासाठी समिती व्हावी, पण ती अशी. एक, तिने फक्त रस्त्यावरून दिसणारं बघावं. दोन, हुकमाच्या आधी मदत यावी. घरपट्टीत सूट, जुनी कौलं आणि लाकूड माफक दरात मिळण्याची सोय, चुन्याचं काम शिकलेले चार तरुण गवंडी. न्यूयॉर्कच्या कायद्यातही परवडत नसल्याचं सिद्ध करणाऱ्या मालकाला दाद मागायची वाट आहे, तशी इथेही हवी. तीन, मोठ्या शहरातल्या तज्ज्ञांबरोबर इथले सुतार, गवंडी आणि घर झाडणाऱ्या बायका समितीत असाव्यात. आणि चार, एप्रिलअखेरपर्यंत आलेल्या अर्जाचा निकाल मृगाच्या आत लागलाच पाहिजे. मुंबईत फाईल दोन महिने पडून राहिली तर मालक चिडतो. इथे ती दोन महिने राहिली तर छप्परच जातं.

आमच्या घरी काय झालं, ते सांगायचं राहिलं. तीन रात्री बोलणं चाललं. भाऊजींच्या गरजेला नाही म्हणायचा मला अधिकार नाही, त्यांच्या दोन्ही मुलांची शिक्षणं पुढे आहेत. शेवटी ठरलं ते असं : पुढची कौलं राहतील, माळ्यावर लाकडी पाटण नीट करून एक खोली पाहुण्यांसाठी होईल, आणि विहिरीकडे दोन न्हाणीघरं बांधून त्यांच्यावर स्लॅब पडेल. भाऊजींना हव्या होत्या दोन खोल्या, मिळाली एक. त्यांनी ते हसून घेतलं नाही, हेही खरं. पुढच्या वर्षी पैसे कमी पडले तर हा विषय पुन्हा निघेल. तेव्हा माझ्या हातात नुसती माया असून भागणार नाही. गावाचा एखादा नियम आणि गावाची थोडी मदत लागेल.

कौलं परतून झाली. सासूबाईंनी परवा पडवीत बसून माणसांना स्वतः चहा दिला.

तुमच्या माहेरी-सासरी अशी घरं असतील तर एकच करा. पावसाआधी पुढून, मागून, छपराचे असे फोटो काढून ठेवा आणि जुन्या गवंड्या-सुतारांकडून जे ऐकाल ते वहीत लिहा. समिती येईल तेव्हा येईल. तिच्यासमोर ठेवायला आपल्याकडे काहीतरी असू दे.

जय जिनेंद्र.