बागलाणची फळे, बुडबुडे आणि 'नक्कल' हा शब्द

#थ्रेड

अननसाची किंवा डाळिंबाची स्पार्कलिंग वाईन समोर आली की स्वतःला जाणकार म्हणवणारे नाक मुरडतात: ही कसली वाईन, ही तर शॅम्पेनची नक्कल! सटाण्यात, डाळिंबांच्या बागलाणात, हे ऐकताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला स्वस्थ बसवत नाही.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त बागलाणचे वर्णन केले, तेव्हा साल्हेर-मुल्हेरचा हा मुलूख बागुल राजांकडे होता. इथे उत्तम पिकणाऱ्या फळांत तो द्राक्षे, डाळिंबे आणि चक्क अननसही नोंदवतो. अननस मूळचा अमेरिकेचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. शतकभरात तो सह्याद्रीच्या या कोपऱ्यात रुळलाही होता.

आता आंबवण्याकडे वळू. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्षाच्या प्रकरणात आंब्याची 'सहकारसुरा' आहे. चरकसंहितेचे सूत्रस्थान फळांची २६ आसवे मोजते: द्राक्ष, खजूर, जांभूळ, कवठ, बोर, अगदी फणससुद्धा. (डाळिंब त्या यादीत नाही, सटाणेकरांनी राग मानू नये.) वाईन म्हणजे केवळ द्राक्षाची, हा युरोपीय संकेत आहे. आपल्याकडे द्राक्ष हे अनेक फळांपैकी एक होते.

म्हणून 'सगळे आपल्याकडे होतेच' असे म्हणणेही खोटे. बुडबुडे आपले नाहीत. बंद बाटलीत दुसरे किण्वन होताना निर्माण होणारा वायू कोंडून धरायला जाड, मजबूत काच लागते. ती सतराव्या शतकात इंग्लंडमधील दगडी कोळशाच्या भट्ट्यांतून निघाली. साखर घालून वाईन फेसाळ करण्याची रीत क्रिस्टोफर मेरेटने १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली. ज्याला शॅम्पेनचा जनक म्हणतात, तो दों पेरिन्यों आपल्या मठात रुजू झाला १६६८ मध्ये! नक्कल कोणाची, हा प्रश्न तिथेही विचारता येतो.

तेव्हा चाखताना शॅम्पेनची आठवण बाजूला ठेवावी. थंड प्याल्यातून अननसाचा वास बुडबुड्यांबरोबर आधी नाकाशी येतो. फळाचा गोडवा शोधू नये. पूर्ण आंबलेल्या वाईनमध्ये साखर यीस्टने संपवलेली असते, उरते ती आंबटी. डाळिंब अधिक अवघड. सालीचा तुरटपणा रसात उतरला, तर बुडबुडे तो जिभेला आणखी टोचतात. रस काढणाऱ्याचे कसब तिथे कळते.

तेल्याचे डाग पडलेले डाळिंब, आतले दाणे चांगले असले तरी, बाजारात भाव गमावते. अशा फळाला बाटलीची वाट मिळणार असेल, तर त्या बाटलीला नक्कल म्हणून हिणवण्याची किंमत जाणकार नव्हे, बागायतदार मोजतो.