निसर्गात वाया काहीच जात नाही?

डीएनएचे काही तुकडे जनुकसंचात जागा बदलतात, तर काही स्वतःची प्रत काढून ती दुसरीकडे घुसवतात. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी 1940 च्या दशकात मक्याच्या ठिपकेदार दाण्यांवरून हे ताडले. नोबेल मिळायला 1983 उजाडावे लागले. मानवी जनुकसंचाचा निम्म्याच्या आसपास भाग अशा घटकांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे, तर प्रथिने घडवणारा भाग जेमतेम दीड टक्का. यावरून एका पक्षाने सिद्धान्त ठोकला आहे: एवढा पसारा उगाच नसणार, पुढे कामी यावा म्हणूनच तो सांभाळला गेला. उत्क्रांतीला पुढच्या गरजांची यादी आगाऊ कोणी दिली, यावर हा पक्ष गप्प असतो.

त्याने फळमाशीकडे पाहावे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पकडून प्रयोगशाळांत वाढवलेल्या मेलॅनोगॅस्टर जातीच्या वाणांत ‘पी’ नावाचा घटक नाही. काही दशकांनी रानातून आणलेल्या माश्यांत मात्र तो जवळपास सर्वत्र सापडतो. त्याची लांबी 2,907 अक्षरे. अमेरिका खंडातल्या विलिस्टोनी जातीच्या पी-घटकाशी तो जुळवला, तर फरक निघतो एका अक्षराचा. या दोन जातींचे पूर्वज कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळे झाले. घटक वारशाने आला असता, तर फरकांचा खच पडला असता. म्हणजे तो एका जातीतून दुसरीत आडवाच शिरला. संशय माश्यांवर जगणाऱ्या एका किडीवर आहे. आता माशीचा फायदा बघा. पी-घटकाचा नर आणि जुन्या वाणाची मादी यांच्या संततीत, विशेषतः उष्णतेत, जननग्रंथी खुरटतात आणि माश्या वांझ निघतात. तरीही घटक फैलावला, कारण प्रती वाढवून तो निम्म्याहून अधिक पिल्लांत पोचतो. मादी पी-घटकाची असेल तर संतती बचावते: तिच्या अंड्यातले छोटे आरएनए घटकाला दाबून धरतात. उपकारकर्त्यासाठी एवढा बंदोबस्त! जवळच्या सिम्युलन्स जातीतही तो घुसल्याचे 2015 मध्ये जाहीर झाले.

कांद्याचा जनुकसंच माणसाच्या सुमारे पाचपट आहे. पसारा पुढच्या सोयीसाठी सांभाळला असेल, तर कांद्याची दूरदृष्टी तेवढी मोठी म्हणायची. माणसालाही हे घटक अपाय करतात: रक्त गोठवणाऱ्या जनुकात एल-1 नावाचा असा घटक घुसून हिमोफिलिया झाल्याचे 1988 मध्येच दिसले होते.

मक्यावरच्या मूळ कामात या घटकांना नियंत्रक म्हटले होते, हा दाखला हटकून पुढे येतो. हा वाद 1980 मध्ये, केवळ स्वतःच्या प्रती वाढवणाऱ्या ‘स्वार्थी डीएनए’ची कल्पना आली तेव्हाच, भरपूर घासून झाला आहे. घटक उडी मारतात हे सिद्ध झाले, म्हणून ते नियंत्रणासाठीच जन्मले हे सिद्ध होत नाही.

उपयोग होतो, पण मागाहून. मानवी वारेतले सिन्सिटिन प्रथिन जनुकसंचात शिरलेल्या एका प्राचीन विषाणूच्या आवरणातून आले. प्रतिपिंडांची जनुके कापून जोडणारी यंत्रणा एका जुन्या ट्रान्सपोझॉनची, म्हणजे अशाच उडी मारणाऱ्या घटकाची, वंशज आहे. पण असे अपवादच: मानवातल्या एल-1 च्या सुमारे पाच लाख प्रतींपैकी उडी मारू शकणाऱ्या शंभराच्या आसपास, बाकीच्या मोडक्या. आणि उपयोगही कायमचा नसतो: इंग्लंडमधल्या ठिपकेदार पतंगाचा काळा रंग कॉर्टेक्स जनुकात घुसलेल्या अशाच उडी मारणाऱ्या घटकाचा. कारखान्यांच्या काजळीत तो फळला आणि हवा स्वच्छ होऊ लागल्यावर काळे पतंग पुन्हा विरळ झाले.