सत्काराची शाल नको, बजेटमध्ये ओळ द्या

३ डिसेंबर जवळ आला की आपल्याकडे दिव्यांगांच्या क्रीडा स्पर्धा होतात. मांडव पाहुण्यांना, ऊन खेळाडूंना. भाषणं संपेपर्यंत अकरा वाजतात, मग शर्यती. त्यात अल्बिनिझम असलेली पोरं असली तर बारापर्यंत त्यांची कातडी भाजून लाल होते. यांना आपण ‘सूर्यमुखी’ म्हणतो आणि भर उन्हात उभं करतो!

आता केनिया बघा. आयझॅक म्वाउरा २०१३ साली खासदार झाले. अल्बिनिझम असलेले ते तिथल्या संसदेतले पहिले. पुढे सिनेटर, २०२३ मध्ये सरकारचे प्रवक्ते. त्यांनी पक्ष बदलले, त्यावरून टीकाही झाली. ते सोडा. तिथे सरकारी पैशातून सनस्क्रीन मिळतं आणि २०१९ च्या जनगणनेत या लोकांची वेगळी मोजणी झाली : ९,७२९. ज्याची कातडी भाजते तो माणूस निर्णयाच्या टेबलावर असला की असे प्रश्न दयेचे राहत नाहीत, हिशोबाचे होतात.

गुणांची कमी नाहीच. दक्षिण आफ्रिकेचा हिल्टन लँगेनहोवेन अल्बिनिझम असलेला खेळाडू. २००८ च्या बीजिंग पॅरालिम्पिकमध्ये त्याने तीन सुवर्णपदकं घेतली, दृष्टिदोष असलेल्यांच्या गटात. कारण रंगद्रव्य कमी असलं की नजरही अधू राहते, आणि चष्म्याने ती पूर्ण सुधारत नाही.

आपल्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अल्बिनिझमचं वेगळं नाव त्यात नाही. प्रमाणपत्र मिळतं ते नजर किती कमी त्यावर. नजर थोडी बरी निघाली की कागद नाही, आणि कातडीचा तर विचारच नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल. पण ग्रामपंचायत, नगरपालिकेच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठीच असतो ना? त्यातून टोपी, सनस्क्रीन, खेळाडूंना मांडव द्या. शर्यती सकाळी नऊच्या आत उरका. आणि स्पर्धेच्या समितीत एक तरी दिव्यांग खेळाडू घ्या, सही करायच्या अधिकारासकट.

“दोन-चार पोरांसाठी एवढं कशाला?” असं कुणीतरी म्हणेलच. दोन-चारच आहेत हे मोजलं कुणी, ते आधी सांगा.

येत्या ग्रामसभेत हा विषय मी लेखी मांडणार आहे. तुमच्या गावात तुम्ही मांडा.