देव सिद्ध करता येतो का? सातारा-सांगलीने दिलेली उत्तरे

दर काही महिन्यांनी समाजमाध्यमांवर तोच वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, विज्ञानाने देव खोटा ठरवला. दुसरी म्हणते, क्वांटम सिद्धांताने आत्मा खरा ठरवला. माझ्या मते दोन्ही बाजू विज्ञानाच्या नावावर उधारी करतात. हे मत बनले ते पाश्चात्त्य ग्रंथांवरून कमी आणि कृष्णाकाठच्या दोन जिल्ह्यांच्या वैचारिक इतिहासावरून अधिक. सातारा आणि सांगलीच्या टापूत गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या प्रश्नाला अनेक अंगांनी हात घातला गेला. हा धागा त्याविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

आरंभ कऱ्हाडजवळच्या टेंभू गावापासून. गोपाळ गणेश आगरकर इथे १८५६ साली जन्मले. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले आणि १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही न गाठता, ते गेले. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहण्याचे भाग्य पुणेकर सनातन्यांनी त्यांना मिळवून दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांचा ‘देवतोत्पत्ति’ हा निबंध मात्र फारसा वाचला जात नाही. देवतांच्या कल्पना माणसाच्या मनात कशा उपजल्या असतील, याचा शोध त्यात आहे आणि त्यावर हर्बर्ट स्पेन्सरच्या विचारांचा ठसा स्पष्ट दिसतो.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून इथे थोडे थांबावेसे वाटते. एखादी कल्पना कशी जन्मली हे सांगितल्याने ती खोटी ठरते का? किमयागारांच्या खटपटीतून रसायनशास्त्र उपजले, म्हणून कोणी रसायनशास्त्र टाकून देत नाही. देवाची कल्पना भीतीतून, स्वप्नांतून, पूर्वजांच्या स्मरणातून आली असे निर्विवाद दाखवता आले, तरी त्यातून कळतो तो माणसाचा इतिहास. देव आहे की नाही, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो. आमच्या विषयाची ही मर्यादा आम्हीच मोठ्याने सांगितली पाहिजे. आगरकरांना ती उमगली होती असे मला वाटते. त्यांची गणना अज्ञेयवाद्यांत होते ती उगीच नव्हे. विश्वाचे आदिकारण मानवी बुद्धीच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे मानून ते तिथे थांबले आणि आपली सारी लेखणी बालविवाह, केशवपन, स्त्रीशिक्षण अशा आवाक्यातल्या गोष्टींवर झिजवली.

आता टेंभूहून वाईला जाऊ. कृष्णेच्या घाटांच्या या गावात नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांची प्राज्ञपाठशाळा होती. त्यांचा ‘मीमांसाकोश’ हे एका माणसाने उभे केलेले डोंगराएवढे काम आहे. मीमांसा म्हटले की आपल्याला यज्ञ आणि कर्मकांड आठवते. पण पूर्वमीमांसा हे वेदांना परमप्रमाण मानणारे आणि तरीही जगाचा कर्ता ईश्वर नाकारणारे दर्शन आहे. कुमारिल भट्टाने ‘श्लोकवार्तिका’त सृष्टिकर्त्याच्या कल्पनेवर जे आक्षेप घेतले, ते आजच्या कोणत्याही नास्तिकाला पुरून उरतील. सृष्टीपूर्वी देह नसलेल्याने निर्मिती कशी केली? कोणत्या हेतूने केली? करुणेने म्हणावे, तर करुणा यावी असे तेव्हा होते तरी कोण?

समोर उदयनाचार्यांची ‘न्यायकुसुमांजली’ होती. घटाला कुंभार लागतो, तसा जगरूपी कार्यालाही कर्ता लागतो, असे नैयायिकांचे अनुमान. म्हणजे ईश्वर सिद्ध करणारे आणि नाकारणारे, दोन्ही पक्ष आपल्याकडे शेकडो वर्षे तर्काच्या आखाड्यात होते आणि त्यांपैकी कोणालाही प्रयोगशाळेची गरज भासली नाही. ‘नास्तिकता ही पश्चिमेची आयात’ असे म्हणणाऱ्यांनी वाईची वाट एकदा जरूर धरावी.

याच पाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. कलकत्त्याची तर्कतीर्थ पदवी मिळवलेला हा वैदिक पंडित पुढे मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहकारी झाला, त्याने ‘हिंदुधर्माची समीक्षा’ केली, ‘जडवाद’ लिहिला, आणि वाईतूनच मराठी विश्वकोशाचे संपादन केले. शास्त्रीबुवांचा हा प्रवास देवघर सोडून प्रयोगशाळेत शिरलेल्या माणसाचा नाही. परंपरेनेच शिकवलेली खंडनाची पद्धत त्यांनी परंपरेलाही लावली.

तिसरे स्थळ सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी. नांगर आणि पंपांच्या या कारखान्याच्या गावातून १९२० पासून ‘किर्लोस्कर’ मासिक निघू लागले. सावरकरांचे अनेक विज्ञाननिष्ठ निबंध त्यात छापले गेले. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो (माझेही आहे, पण तो या धाग्याचा विषय नाही), ‘मनुष्याचा देव आणि विश्वाचा देव’ या निबंधातील भेद आपल्या प्रश्नाच्या मुळाशी जातो. विश्व चालवणारी शक्ती आपल्या नियमांनी चालते. माणसाच्या सुखदुःखाशी तिला कर्तव्य नाही. नवसाला पावणारा, संकटात धावणारा देव ही निराळी गोष्ट. एकाच शब्दाखाली आपण दोन वस्तू ठेवतो, आणि मग एकीचा पुरावा दुसरीच्या नावावर खपवतो.

इथेच विज्ञानाची हद्द नेमकी आखता येते. जे विधान काहीतरी नाकारते, म्हणजे ‘असे दिसले तर मी खोटे’ असे म्हणण्यास तयार असते, त्याचीच परीक्षा होऊ शकते. ‘या चराचरामागे एक परम तत्त्व आहे’ हे विधान काहीच नाकारत नाही. दुष्काळ पडो, पाऊस पडो, ते अबाधित राहते. त्याचा पुरावा नाही म्हणून ते न मानणे सयुक्तिक आहे, आणि पुराव्याची जबाबदारी दावा करणाऱ्यावरच असते, हेही खरे. पण न मानण्यास कारण असणे आणि नसल्याचे सिद्ध होणे यांत अंतर आहे. याउलट, ‘ही मूर्ती आज दूध पिते’ हे विधान उघड्यावर आलेले असते. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागले, तेव्हा पृष्ठताणाने चमच्यातले दूध कसे ओढले जाते आणि मूर्तीवरून कसे ओघळते, हे दाखवायला फार वेळ लागला नाही.

फलज्योतिषाचेही तसेच. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. त्यांतील प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातले, हे ओळखण्याची चाचणी २७ ज्योतिषांनी दिली. अचूक उत्तरे सुमारे ४६ टक्के भरली. नाणे उडवले असते तरी याहून वाईट झाले नसते. या प्रयोगात महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचाही हात होता.

तर आता समितीकडे. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. डॉ. श्रीराम लागूंचा जन्मही साताऱ्याचाच. दोघे डॉक्टर, दोघेही देव न मानणारे. आणि तरीही ‘विवेकजागराचा वाद-संवाद’ या कार्यक्रमात दोघे गावोगाव एकाच व्यासपीठावरून दोन निराळ्या गोष्टी सांगत. लागू म्हणत, परमेश्वराला आता निवृत्त करा. दाभोलकर म्हणत, देवाधर्माबाबत समिती तटस्थ आहे. आमचा विरोध शोषण करणाऱ्या अंधश्रद्धांना आहे.

या तटस्थतेला पुष्कळांनी, विशेषतः पुरोगामी मित्रांनी, बोटचेपेपणा म्हटले. मला ते पटत नाही. त्यात डावपेच नव्हताच असे नाही. वारकऱ्यांच्या महाराष्ट्रात चळवळ चालवायची तर तो हवाच. पण तर्काच्या दृष्टीनेही तीच भूमिका अधिक काटेकोर होती. लागूंचा युक्तिवाद मला आवडतो, तो मोलाचा आहे. परंतु तो वैज्ञानिक नाही, नैतिक आहे. जगात एवढे दुःख असताना मौन पाळणाऱ्या देवाला कामावर का ठेवायचे, हा सवाल कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून निघत नाही. दाभोलकरांनी जे तपासता येते तेवढेच समितीच्या नावाने तपासले. राज्यघटनेच्या कलम ५१ क मध्येही नागरिकाचे कर्तव्य म्हणून वैज्ञानिक दृष्टिकोन सांगितला आहे, नास्तिकता नव्हे.

जादूटोणाविरोधी विधेयकात देवाधर्माच्या विरोधात काहीही नाही, हे ते दीड दशकाहून अधिक काळ सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच आठवड्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. १० मे २०२४ रोजी विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली, तिघांना निर्दोष सोडले. ज्या कायद्याला धर्मद्रोही ठरवले गेले, तो कोणीही उघडून वाचावा. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो लागू नाही, असे त्यातच लिहिलेले आहे.

पुन्हा वाई तालुक्यात येऊन थांबतो. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानांना आगी लागल्या आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली. शासनाने न्यायमूर्ती कोचर यांचा चौकशी आयोग नेमला. काळूबाई आहे की नाही, हे आयोगाला कोणी विचारले नव्हते. त्याच्यापुढे होती ती डोंगरावरची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि त्या दिवशीच्या गर्दीचा बंदोबस्त.