फवारणी कुणाच्या शेतात, मरण कुणाच्या घरात?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. तेव्हा बोट दाखवले गेले ते मजुराकडेच. हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही म्हणे!

आमचा सवाल साधा आहे. कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, त्याची वैद्यकीय तपासणी हवी, असे नियमच सांगतात. मग रोजाने पाठीवर पंप घेणाऱ्या भूमिहीनाला हे द्यायचे कुणी? त्याच्या मजुरीची नोंद तरी कुठे असते?

२०२३ मध्ये केंद्राने १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. ड्रोन जरूर द्या. पण पंपवाल्याच्या हातमोज्यांचे काय?

मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारे विधेयक मांडले. तोच कायद्याचा हात आता बांधापर्यंत पोहोचला पाहिजे. फवारणी मजुरांची ग्रामपंचायतीत नोंद करा, साधनांची जबाबदारी मालक व विक्रेत्यावर टाका. आम्ही भीक मागत नाही. हक्क मागतो आहोत.